डबा रिकामा देऊ नये

आमच्या व्हॅनला दोन वास होते. दिवसा खोडरबर, केळं आणि घामट मोज्यांचा, आणि संध्याकाळी जिरं-लसणाच्या फोडणीचा. दिवसाचा वास आमच्या उशांना लागायचा, त्याची मला सवय झाली होती. पण संध्याकाळचा वास सकाळपर्यंत उरू नये म्हणून आम्ही तिघांनी चौदा महिने जेवढी मेहनत घेतली, तेवढी मी पुढे कुठल्याही परीक्षेसाठी घेतलेली नाही. पहाटे पाचला पप्पा सगळ्या काचा सरकवायचे. आई लिंबाच्या साली घातलेल्या पाण्यानं रेक्झिनच्या सीटा पुसायची. मी पडदे उतरवायचे, वळकट्या पोत्यात भरायचे आणि सीटखाली वाकून बघायचे की एखादी बांगडी, कढीपत्त्याचं पान, आईच्या केसांचा गुंता राहिला तर नाही ना. साडेसहाला पहिलं मूल चढायचं. त्याच्या आधी घराची पुन्हा स्कूलव्हॅन व्हावी लागायची.

बारा मुलं होती. त्यांच्या आईवडिलांना आम्ही त्याच व्हॅनमध्ये राहतो हे माहीत नव्हतं. कळलं असतं तर फेरी गेली असती, फेरी गेली असती तर हप्ते थांबले असते, आणि मग व्हॅन, म्हणजे आमचं घर, कुणीतरी येऊन ओढून नेलं असतं. इतकी सरळ गोष्ट होती. म्हणून मी घरातली सगळ्यात अबोल, तरी सगळ्यात जास्त खोटं मीच बोलायचे. कॉलेजात कुणी कुठं राहतेस विचारलं की मी पुंडलिकनगर म्हणायचे. ते अर्धं खरं होतं. पुंडलिकनगरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मालकानं तिथं फ्लॅट बांधायला काढेपर्यंत. त्याच्या थोडं आधी वाळूजच्या कंपनीतलं पप्पांचं कंत्राट संपलं होतं आणि हातात होतं नव्हतं ते त्यांनी या व्हॅनमध्ये घातलं होतं. नव्या खोल्यांचं भाडं ऐकून आई पदरानं तोंड पुसायची आणि डिपॉझिट ऐकून आम्ही जिना उतरायला लागायचो. जिथं दोन्ही कसंबसं जमेल असं वाटायचं, तिथं आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची.

"दोन महिने काढू," पप्पा म्हणाले होते. "पावसाळा गेला की बघू."

पंक्चरचं दुकान असलेले रशीदचाचा पप्पांच्या ओळखीचे. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी व्हॅन लावू दिली, नळ दिला, पत्र्याची न्हाणी दिली, आणि आमचं सामान ठेवायला जुन्या टायरांमागचा कोपरा दिला. ते व्हॅनला बंगला म्हणायचे. "अरे भाई, बंगला थोडा पीछे लो, आगे पानी भर्ता." किंवा आईला, "भाभी, आज बंगले में क्या पका? खुशबू आ री." आई हसायची. मला ते हसू आवडायचं नाही. चाचा चिडवत नव्हते हे मला आज कळतं. दुसऱ्याच्या अडचणीला थट्टेचं नाव दिलं की तिच्याकडे बघणं दोघांनाही सोपं जातं, हे त्यांना माहीत होतं.

आत दोन्ही बाजूंना लांब सीटा होत्या, समोरासमोर. एकीवर आई, एकीवर मी, आणि मधल्या पट्ट्यात पप्पा. माझ्या डोक्याशी खिडकीवर कुणीतरी फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं होतं. डोळे उघडले की पहिलं ते दिसायचं. आईनं तिच्या एका जांभळ्या साडीचे पडदे शिवले होते आणि जुन्या पँटच्या कापडाची खिशाखिशांची एक झोळी, तिच्यात हळद, मीठ, कंगवा, माझी हॉलतिकिटं, सगळं. डॅशबोर्डवर बुद्धाची अंगठ्याएवढी मूर्ती होती, ती मात्र दिवसाही तिथंच राहायची. छोटा सिलिंडर संध्याकाळी आत यायचा आणि सकाळी टायरांमागे जायचा. उन्हाळ्यात टप इतका तापायचा की आई ओलं पोतं टाकायची वर. कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला की दिवस सुरू झाला, बंद झाला की संपला. पहाटे वाळूजला जाणाऱ्या शिफ्टच्या बसेस रस्त्यावरून जायच्या आणि त्या मोजत पप्पा जागे पडून राहायचे. त्यांना त्या बसमध्ये बसायची वीस वर्षांची सवय होती.

सकाळी मी व्हॅनच्या दाराशी बसायचे. मुलांना चढवायला-उतरवायला बाईमाणूस लागतं असा नियम होता आणि दुसऱ्या बाईला पगार देणं शक्य नव्हतं, म्हणून मी बारा मुलांची दीदी झाले. साडेसात ते दीड मी कॉलेजात. पण माझं खरं काम वेगळं होतं. पालकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता आणि तिथं सगळं इंग्रजीत चालायचं. पप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ओव्हरटाइम करून करून मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि आता त्या शाळेचा उपयोग हा झाला होता की पप्पांच्या फोनवरून पप्पांच्या नावानं मी लिहायचे. चारचौघांत बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. लिहिताना मात्र मी कुणीतरी दुसरीच असायचे. उशीर झाला तर दिलगिरी, सणाला शुभेच्छा, परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल आभार. एका मुलाच्या वडिलांनी एकदा पप्पांना थांबवून सांगितलं, "काका, तुमचं इंग्रजी आमच्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा बरंय." पप्पांनी ते आईला तीनदा सांगितलं.

त्या बारांत अन्वी नावाची मुलगी होती. पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली. ज्योतीनगरच्या एका बंगल्यातून यायची. ती रोज माझ्याच सीटवर बसायची, म्हणजे जिच्यावर मी झोपायचे तिच्यावर, आणि शाळा येईपर्यंत बोलायची. मी ऐकायचे. माझं न बोलणं चालवून घेणारी ती एकटीच होती. एकदा तिनं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "दीदी, आपल्या व्हॅनला मेथीचा वास येतो." मी खिडकी उघडली. तिच्या त्या 'आपल्या' शब्दानं मात्र दिवसभर बरं वाटत राहिलं.

एका दुपारी अन्वीचा डबा व्हॅनमध्ये राहिला. गुलाबी, दोन कप्प्यांचा, झाकणावर ससा. संध्याकाळी झाडताना आईला तो सीटखाली सापडला. तिनं तो घासला, उन्हं उतरेपर्यंत बॉनेटवर पालथा घातला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर तव्यावर धपाटे होते. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, मेथी, तीळ. व्हॅनमध्ये सकाळी फोडणी नाही, तवा नाही, हा नियम आईनंच घातला होता.

"आई, काय करायलीस?"

"डबा द्यायचाय ना लेकराला."

"मग रिकामा दे ना. तिची मम्मी देईल भरून."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी काहीतरी घाण बोलले. "रिकामा डबा परत देत असतेत का गं? कुणाच्या घरचं भांडं आलं तर त्यात दोन दाणे तरी टाकून द्यावं. आपल्याकडं काय नाय असं वाटावं का त्यांला?"

"त्यांना काहीच वाटायला नको, आई. तेच तर."

"गप. दोनच टाकलेत. अन् दह्याची वाटी. तिखट नाय घातलं लई."

मी वळकट्या गुंडाळायला लागले. गप्प बसणं मला जमायचंच. आता वाटतं, त्या दिवशी भांडायला हवं होतं. पण तिचं खरं होतं. पुंडलिकनगरात आमच्या ओट्यावर सतत कुणाची ना कुणाची वाटी असायची, आणि ती कधी रिकामी गेली नाही. चिमूटभर साखर, एक हिरवी मिरची, काहीतरी. चौदा महिन्यांत आमच्याकडे कुणाचं भांडंच आलं नव्हतं. हा पहिला डबा होता. आईला तो परत करायचा होता, घर असलेल्या बाईसारखा.

कामावर लवकर जायचं म्हणत आई ज्योतीनगरपर्यंत व्हॅनमधूनच आली; अन्वी चढली तेव्हा ती उतरतच होती. शेवटच्या क्षणी तिनं स्वतः डबा अन्वीच्या हातात दिला. "गरम हाय बरं, बेटा. मधल्या सुट्टीत खा." आई मुलांसमोर कधी यायची नाही. त्या दिवशी आली.

दुपारी चारच्या सुमारास व्हॅन दुकानामागे उभी होती. पप्पा खाली झोपून ग्रीसिंग करत होते, त्यांचे फक्त पाय दिसत होते. मी सीटवर अकाउंट्सचं पुस्तक घेऊन बसले होते. पप्पांचा फोन वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. पहिला अन्वीच्या मम्मीचा. तिनं लिहिलं होतं की अन्वीनं आज घरचा डबा खाल्ला नाही, व्हॅनमधल्या एका आंटीनं तिला गरम जेवण दिलं. अन्वी म्हणते की त्या आंटीचं किचन व्हॅनमध्येच आहे. आज सकाळी मुलीला चढवायला तीच बाई होती. हे खरं आहे का? मग दुसऱ्या कुणीतरी विचारलं की व्हॅनमध्ये गॅस असतो का. मग तिसऱ्यानं लिहिलं की माझा मुलगाही वासाबद्दल बोलला होता. शेवटी अन्वीच्या मम्मीनं पुन्हा लिहिलं, अगदी सभ्य शब्दांत, की काकांनी संध्याकाळपर्यंत खुलासा करावा, नाहीतर उद्यापासून सगळ्यांनी दुसरी सोय बघावी.

त्यांचं चूक नव्हतं. ज्या सीटवर माझी मुलगी बसते तिच्याशेजारी कुणी सिलिंडर ठेवतं हे कळलं, तर मीही असंच लिहीन, कदाचित इतकं सभ्य लिहिणार नाही.

"काय म्हणतेत?" पप्पांचा आवाज खालून आला.

"विचारतायत, व्हॅनमध्ये कोण राहतं."

पान्याचा आवाज थांबला. पप्पा हळूहळू सरकत बाहेर आले आणि जमिनीवर बसून राहिले. हाताला ग्रीस होतं, म्हणून फोन त्यांनी घेतला नाही.

"तू लिही," ते म्हणाले. "तुला जमतं."

"काय लिहू?"

"काय बी लिही. व्हॅन जायला नाय पायजे." मग म्हणाले, "अन् तुझ्या आईला डब्याचं म्हणू नको. जिवाला लावून घेती ती."

मी तीनदा लिहून पुसलं. खरं लिहून पाहिलं, ते दोन ओळींत संपलं आणि त्यानंतर काय हे दिसत होतं. मग मी पप्पांच्या नावानं असं लिहिलं, की झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. व्हॅनमध्ये कुणीही राहत नाही. ती बाई व्हॅन धुणारी आमची मेड आहे. तिनं मला न विचारता मुलीला खायला दिलं, ही गंभीर चूक आहे. तिला आजच कामावरून काढून टाकलं आहे.

मला ते इंग्रजी अजून पाठ आहे. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

एकेक करून अंगठे आले. अन्वीच्या मम्मीनं आभार मानले आणि लिहिलं, मेड ठेवताना नीट चौकशी करत जा, काका, आजकाल कुणाचा भरवसा नसतो. पप्पांनी विचारलं, "मिटलं?" मी म्हटलं, "मिटलं." त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा व्हॅनखाली सरकले.

आई सहाला आली. ती सिडकोतल्या एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये दोन घरी पोळ्या करायची आणि यायची तेव्हा गळ्यात तिथल्या गेटचं कार्ड तसंच असायचं. आल्या आल्या तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं. "काय झालं? मयताला बसल्यावानी का बसलात?"

पप्पांनी तिला थोडक्यात सांगितलं. डब्याचं वगळून सांगायचा प्रयत्न केला, पण ते वगळलं की काही उरतच नव्हतं. आई खाली बसली. "माझ्यामुळं झालं म्हणा की."

"मिटलं ते. पोरीनं मिटवलं," पप्पा म्हणाले.

"काय लिहिलंस गं?"

"लिहिलं की गैरसमज झाला. व्हॅनमध्ये कुणी राहत नाही."

"दाव बरं."

तिला इंग्रजी वाचता यायचं नाही. पण मी लिहिलेलं बघायला तिला आवडायचं. माझ्या वह्या ती अशाच उघडून बघायची, लिपीवरून हात फिरवून. मी फोन दिला. द्यायला नको होता, पण न देण्याचं कारण काय सांगणार? ती बोटानं ओळी सरकवत गेली. एका जागी बोट थांबलं. मग तिनं गळ्यातलं कार्ड उचललं आणि फोनच्या शेजारी धरलं. तिच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत एकच इंग्रजी शब्द छापलेला होता. गेटवर रोज दाखवून दाखवून तेवढी चार अक्षरं तिला ओळखू येत होती. ती एकदा कार्डाकडे, एकदा फोनकडे, असं एकेक अक्षर ताडून बघत होती, बाजारात दोन बांगड्या एकाच मापाच्या आहेत ना ते बघतात तशी.

"हे अन् हे एकच हाय ना?"

मी मान हलवली.

"म्हंजे ही मी."

"अगं, लिहिण्यापुरतं..." पप्पा म्हणाले.

"मी कुठं काय म्हणले?" तिनं फोन माझ्या हातात परत दिला. "बरं लिहिलंस. डोक्यानं लिहिलंस. अन् म्होरं काय हाय, ह्या शब्दाच्या म्होरं?"

मी सांगितलं. कामावरून काढलं असं लिहिलंय म्हणून सांगितलं. माझ्याच तोंडातून मराठीत ते ऐकताना मला कळलं की इंग्रजीत ते किती सोपं होतं.

त्या संध्याकाळी तिनं गॅस पेटवला नाही. रशीदचाचांनी बाहेरून आवाज दिला, "भाभी, आज बंगले का चूल्हा ठंडा कायकू?" मग त्यांनी पाव आणि अंडी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वीची मम्मी आणि आणखी एका मुलाचे वडील बंगल्याच्या गेटशी उभे होते. त्यांनी व्हॅनमध्ये वाकून पाहिलं. तिनं सीटवरून बोट फिरवलं, सीटखाली मोबाइलचा उजेड टाकला. काही नव्हतं. आम्ही ते शिकलोच होतो. "सॉरी हं," ती मला म्हणाली, "मुलांचा प्रश्न आहे ना." मी म्हटलं, "इट्स ओके, मॅम." ती खरंच चांगली बाई होती. अन्वी चढली, माझ्या सीटवर बसली आणि वळण यायच्या आत तिनं विचारलं, "दीदी, धपाटेवाल्या आंटी उद्या येतील?"

"नाही."

"का?"

"त्यांना काढलं."

ते मी घराबाहेरच्या कुणापुढे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. समोर स्टीअरिंगवर पप्पांचे हात होते, ते हलले नाहीत. अन्वीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण मी सगळे खाल्ले होते."

आईनं पुढच्या दहा दिवसांत काम शोधलं. त्याच अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून होत्या, त्यांच्याकडे राहून काम. पप्पा नको म्हणाले. आई पोत्यातून तिची वळकटी वेगळी करत होती. "काढलं म्हणून लिहिलंय ना? मग काढलेल्या माणसानं तिथं दिसू नाय. उद्या कुणी पुन्हा बघितलं तर पोरीचं लिहिलेलं खोटं पडेल." तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते. राग सापडला असता तर मला माफी मागता आली असती.

व्हॅन राहिली. सिलिंडर मात्र गेला, चाचांनी तो दुकानात चहासाठी ठेवून घेतला. पप्पा आणि मी खानावळीतलं आणून खायचो आणि व्हॅनला फक्त खोडरबराचा वास उरला. एका सीटवर मी, समोरच्या सीटवर पप्पा. मधला पट्टा मोकळा राहायला लागला.

पहिल्या रविवारी आई अपार्टमेंटच्या गेटवर मला भेटायला खाली आली आणि तिनं एक स्टीलचा डबा दिला, आजींसाठी केलेल्या मुगाच्या खिचडीनं भरलेला. पुढच्या रविवारी मी डबा घासून घेतला आणि गुलमंडीवर जाऊन त्यात गरम फुटाणे भरले, वर गुळाचा खडा ठेवला. मला वाटलं, तिला कळेल. गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. कुणाकडे, कशासाठी, नातं. मी पेन उचललं. नात्याच्या रकान्यात मी मराठीत 'मुलगी' लिहायला लागले, तेवढ्यात त्यानं विचारलं, "किस फ्लॅट की मुलगी?" मी आईचं नाव सांगितलं. त्यानं रजिस्टर ओढून घेतलं. "मेडवालों का एंट्री नै होता. बाहर रुको, बुलाता."

आई आली. तिनं झाकण उघडलं, फुटाण्यांकडे पाहिलं आणि हसली, पण तिचं हसू मी चाचांपुढे पाहायचे तसं होतं. तिनं माझी ओंजळ पुढे करायला लावली आणि सगळे फुटाणे त्यात ओतले. गूळही.

"डबा रिकामाच देत जा," ती म्हणाली. "भरून दिला की लोकं इचारतेत, कुठून आणलं."

पुढे खोली मिळाली. एकच, पण मिळाली. आई परत आली. आता मला नोकरी आहे, तिघांना पुरेल असा भाड्याचा फ्लॅट आहे, गॅस ओट्याखाली आहे आणि सकाळी फोडणी देताना कुणी खिडकी उघडत नाही. आम्ही त्या दिवसांबद्दल बोलत नाही. बोललो तर पप्पा चाचांच्या गोष्टी सांगतात आणि आई हसते.

मागच्या आठवड्यात समोरच्या काकूंनी वाटीभर शेवयाची खीर आणून दिली. खाऊन झाल्यावर आईनं वाटी घासली, कोरडी केली आणि ओट्यावर ठेवली. तिची पाठ वळल्यावर मी डब्यातून गुळाचा एक खडा काढून वाटीत ठेवला. ती मागे फिरली, तिनं पाहिलं. तिनं खडा उचलून पुन्हा डब्यात टाकला, वाटीच्या तळाला चिकटलेला गूळ पदरानं पुसला आणि वाटी माझ्या हातात दिली.

"जा," ती म्हणाली, "देऊन ये."

मी गेले आणि तशीच देऊन आले.